खारफुटीत राडारोडा पडतोय? फाइलबंद होणार नाही अशी तक्रार कशी करावी

हा लेख मुंबई, ठाणे, नवी मुंबई, मिरा-भाईंदर, वसई, पनवेल, उरण या पट्ट्यात खाडीजवळ राहणाऱ्यांसाठी आहे. खारफुटीत डंपर रिकामे होताना दिसतात, कुणीतरी हेल्पलाइनला फोन करतं, गाडी येऊन पाहून जाते आणि पुढच्या आठवड्यात भराव आणखी दहा फूट आत सरकलेला असतो. कायदा कमी पडतो म्हणून हे होत नाही. बहुतेक तक्रारींत नेमकी जागा, जमिनीचा मालक आणि भरावाचं माप या तीन गोष्टी नसतात. त्या नसल्या की कोणत्याही खात्याला हात वर करणं सोपं जातं.

कायद्याची बाजू थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी जनहित याचिका ८७/२००६ मध्ये दिलेला निकाल हा तुमचा मुख्य आधार. राज्यभर खारफुटी तोडायला मनाई, खारफुटीत राडारोडा आणि कचरा टाकायला मनाई, खारफुटीच्या चहूबाजूंनी ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई. आणि हे सगळं जमीन कुणाच्याही मालकीची असली तरी लागू. शिवाय बेकायदा भराव झालेली खारफुटी पूर्ववत करणं ही सरकारची जबाबदारी आहे, असंही हा निकाल सांगतो. तक्रारीत याचिकेचा क्रमांक आणि तारीख लिहा. नुसतं ‘कोर्टाचा आदेश आहे’ म्हटल्यावर कोणी हलत नाही.

## १. भराव कसा पुढे सरकतो ते ओळखा

सुरुवात फार क्वचित खारफुटीच्या मधोमध होते. आधी कडेला खडी-मुरूम टाकून गाडीपुरता रस्ता होतो. मग भरतीचं पाणी आत आणणारी मोरी किंवा चर बुजवला जातो. पाणी तुटलं की आतली झाडं आपोआप वाळतात, वाळलेल्यांना उन्हाळ्यात आग लागते आणि त्यानंतर ‘इथे खारफुटी नव्हतीच’ म्हणायला मैदान मोकळं. पत्र्याची शेड, पार्किंग, भंगाराचं गोदाम हे सगळं शेवटी येतं.

तिवराची (खारफुटीतलं एक झाड) श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वीतभर वर आलेली असतात. झाड त्यांच्यातूनच हवा घेतं. त्यांच्यावर फूटभर राडारोडा पडला की झाड गुदमरतं, पण लगेच मरत नाही. पानं पिवळी पडून गळायला कित्येक आठवडे जातात. म्हणून भराव ताजा असताना झालेल्या पाहणीत ‘झाडांना इजा आढळली नाही’ असं लिहून येतं, आणि ते खोटंही नसतं. यावर उपाय एकच: तक्रारीत ‘झाडं तोडली’ असं लिहू नका. ‘श्वसनमुळं गाडली गेली आहेत’ किंवा ‘भरतीचं पाणी अडवलं आहे’ असं लिहा. हे पाहणीच्या दिवशी डोळ्यांनी दिसतं.

## २. जागा पक्की करा

‘अमुक सेक्टरच्या मागे, खाडीजवळ’ ही जागा नव्हे. मोबाइलवरच्या नकाशात बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. दशांश चिन्हानंतरचे पाच आकडे घ्या, म्हणजे साधारण मीटरभराची अचूकता येते. भरावाचे चार कोपरे आणि डंपर जिथून वळतात ते तोंड, असे पाच बिंदू नोंदवा. तोंडाचा बिंदू लोक हमखास विसरतात. रस्ता तिथेच बंद करायचा असतो, म्हणून कारवाईच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा.

मग गूगल अर्थ प्रोमध्ये (संगणकावर फुकट मिळतं) तीच जागा उघडा आणि जुन्या प्रतिमांची पट्टी मागे सरकवत न्या. हिरवा पट्टा कोणत्या महिन्यात करडा झाला ते दिसतं. अलीकडच्या आठवड्यांसाठी कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा बघा. त्या साधारण पाच दिवसांनी येतात, पण १० मीटरचा एक ठिपका असल्याने एखाददुसरा ढीग त्यात दिसणार नाही, आणि पावसाळ्यात तर ढगच दिसतील. प्रत्येक प्रतिमेवर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.

## ३. पुरावा गोळा करा, पण डंपरच्या आडवे जाऊ नका

रात्री एकट्याने जायचं नाही. गाडी अडवायची नाही, चालकाशी हुज्जत घालायची नाही. चालक रोजावरचा माणूस असतो. त्याच्या मागे कोण आहे हे तुम्हाला त्या क्षणी ठाऊक नसतं. गच्चीवरून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून चित्रीकरण पुरतं.

काय टिपायचं:

- गाडीचा क्रमांक. पाटी चिखलाने माखलेली असेल (बहुधा असतेच), तर केबिनचा रंग, मागच्या फळीवरची अक्षरं, चाकांची संख्या.
- ट्रॉली वर गेलेली आणि माल पडतोय, असा सलग व्हिडिओ. नुसती उभी असलेली गाडी काहीच सिद्ध करत नाही.
- मालाचा जवळून फोटो: विटा, प्लास्टर, टाइल्स, पाडकामाचं काँक्रीट की माती-मुरूम. हा फरक पुढे कामाला येतो.
- ओहोटीला आणि उधाणाच्या भरतीला, एकाच ठिकाणाहून घेतलेले दोन फोटो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी कुठवर येतं हे एकदा टिपलं की ‘ही कोरडी जमीन आहे’ हा बचाव तिथेच संपतो.

फोटोवर तारीख-ठिकाण छापणारी ॲप सोयीची आहेत, पण तो शिक्का बदलता येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली ठिकाण-वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक) लिहायची असते. ती मूळ फाइलवरून पहिल्याच दिवशी काढून ठेवा. फाइल एकदा जरी कापली-छाटली तरी हॅश बदलते.

ड्रोनचा मोह टाळा. या पट्ट्याचा बराच भाग विमानतळांच्या निर्बंधित क्षेत्रात येतो आणि विनापरवाना ड्रोन उडवल्याचा गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणंही तसंच.

## ४. भरावाचं माप काढा

‘मोठ्या प्रमाणात भराव’ या शब्दांना सरकारी कागदात किंमत नाही. ब्रासमध्ये सांगा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा भराव १०० फूट लांब, ६० फूट रुंद आणि सरासरी ४ फूट उंच आहे. १०० × ६० × ४ = २४,००० घनफूट, म्हणजे २४० ब्रास. दहा चाकी हायवा (मोठा डंपर) एका फेरीत साधारण पाच ब्रास आणते. म्हणजे किमान ४८ फेऱ्या. हा आकडा लिहिला की ‘रात्रीत कुणीतरी टाकून गेलं’ या उत्तराची बोळवण होते. इतक्या फेऱ्या रोलर फिरवून सपाट केल्याशिवाय बसत नाहीत, आणि रोलर कुणी लपूनछपून आणत नाही.

लांबी-रुंदी गूगल अर्थवर मोजता येते. उंचीसाठी भरावाच्या कडेला उभ्या माणसाचा किंवा खुणा केलेल्या काठीचा फोटो घ्या. माप अंदाजे आहे असं स्पष्ट लिहा आणि अधिकृत मोजणीची मागणी करा.

## ५. जमीन कुणाची ते शोधा

टोलवाटोलवी इथेच होते. वनखातं म्हणतं जमीन सिडकोची, सिडको म्हणतं हस्तांतर झालं, महापालिका म्हणते आमच्या हद्दीबाहेर.

महाभूनकाशावर गाव निवडून गट किंवा सर्व्हे क्रमांक काढा, मग महाभूलेखवर सातबारा बघा. मुंबईत आणि जुन्या शहरी भागांत सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन क्रमांक आणि मिळकत पत्रिका असते. कब्जेदाराच्या रकान्यात सरकार, वनविभाग, सिडको, जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण), मिठागर आयुक्त की खासगी नाव आहे ते पाहा. ‘इतर अधिकार’ आणि फेरफारही वाचा. ‘खाजण’ (भरतीचं खारं पाणी येणारी जमीन) असा उल्लेख दिसला तर तो कागद सोडू नका. काही ठिकाणी भरतीखालच्या जमिनीला क्रमांकच नसतो. तेव्हा लगतचे दोन क्रमांक लिहून ‘यांच्या खाडीकडील बाजूस’ असं लिहा.

सीआरझेडसाठी (किनारा नियमन क्षेत्र) महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचे नकाशे आहेत. खारफुटी ‘सीआरझेड-१ए’ मध्ये दाखवलेली असते. नकाशात एखादा पट्टा सुटला असेल तर घाबरून जाऊ नका: जागेवर खारफुटी असली की उच्च न्यायालयाचा निकाल लागू होतो. अशा वेळी जुन्या उपग्रह-प्रतिमा कामी येतात.

मालकी कळायला आठवडा लागणार असेल तर तक्रार त्यासाठी थांबवू नका. आधी तक्रार, मग पुरवणी पत्र.

## ६. गाडी रिकामी होत असतानाच: फोन

वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६, पोलिसांचा ११२. मुंबईत महापालिकेचा १९१६. तिन्हींना फोन करा आणि प्रत्येक ठिकाणी तक्रार क्रमांक मागून घ्या. काही महापालिकांकडे डेब्रिजविरोधी भरारी पथक आहे. त्याचा क्रमांक वॉर्ड ऑफिसातून आधीच घेऊन फोनमध्ये ठेवा, रात्री दोन वाजता शोधत बसू नका.

फोनवरची तक्रार म्हणजे नोंद. कारवाईची फाइल लेखी अर्जाने उघडते.

## ७. लेखी तक्रार

एकच अर्ज, सगळ्यांना, आणि प्रत्येकाकडून काय हवं ते वेगवेगळं. ‘सर्व संबंधितांनी योग्य ती कारवाई करावी’ हे वाक्य लिहिलं की कोणीच काही करत नाही.

- कांदळवन कक्ष (वनविभागाची खारफुटी सांभाळणारी शाखा), वनपरिक्षेत्र अधिकारी: जागेची पाहणी, वनगुन्हा नोंद, वाहनजप्ती. जमीन राखीव किंवा संरक्षित वन म्हणून अधिसूचित असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ किंवा ३३. अभयारण्य असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २९.
- तहसीलदार: पंचनामा, मोजणी आणि भरावात माती-मुरूम असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) आणि ४८(८) खाली गौण खनिजाची कारवाई. विनापरवाना गौण खनिज वाहणारी गाडी जप्त करायचा अधिकार इथे आहे, आणि डंपरमालकांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते.
- महापालिका आयुक्त, घनकचरा विभाग: राडारोडा कोणत्या बांधकामावरून आला त्याचा शोध, दंड, राडारोडा उचलणे.
- जिल्हाधिकारी: जिल्हा किनारा क्षेत्र व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणून सीआरझेड उल्लंघनाची कारवाई.
- स्थानिक पोलीस ठाणे: गुन्हा नोंद, रात्रीची गस्त.
- जमीनमालक प्राधिकरण: प्रवेशाच्या तोंडावर चर किंवा फाटक.

प्रत कोकण विभागीय आयुक्तांना. खारफुटीवर देखरेख ठेवणारी समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली आहे.

एक सापळा नीट ध्यानात घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या नमुन्यांत ‘पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, कलम १५, पाच वर्षं कैद’ असं असतं. जनविश्वास कायद्याने ही तरतूद बदलली. १ एप्रिल २०२४ पासून तिथे कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आहे, आणि ती न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. जुनं कलम उद्धृत केलंत की पोलीस ठाण्यात अर्ज तिथल्या तिथे परत येतो. गुन्हा नोंदवायची मागणी वन अधिनियम आणि भारतीय न्याय संहितेतल्या सार्वजनिक उपद्रवाच्या तरतुदींवर उभी करा.

मजकुराचा सांगाडा:

> विषय : मौजे ____, सर्व्हे क्र. ____ येथील खारफुटीत बेकायदा भराव.
> १) ठिकाण : (पाच बिंदूंचे अक्षांश-रेखांश)
> २) दि. ____ ते दि. ____ दरम्यान अंदाजे ____ ब्रास राडारोडा टाकण्यात आला. श्वसनमुळे गाडली गेली असून ____ बाजूची मोरी बंद झाल्याने भरतीचे पाणी आत येत नाही.
> ३) वाहन क्रमांक : ____ (व्हिडिओ सोबत)
> ४) हे कृत्य मा. उच्च न्यायालयाच्या जनहित याचिका ८७/२००६ मधील दि. १७/०९/२०१८ च्या निकालाचे उल्लंघन आहे.
> ५) मागण्या : (अ) भराव तात्काळ थांबवणे (ब) माझ्या उपस्थितीत पंचनामा व मोजणी (क) गुन्हा नोंद (ड) राडारोडा हटवून मोरी मोकळी करणे.
> माझे नाव व पत्ता गोपनीय ठेवावा, ही विनंती.

मागणी (ड) वगळू नका. डंपर थांबले की सगळ्यांना समाधान वाटतं आणि टाकलेला भराव तसाच राहतो. दोन पावसाळ्यांत त्यावर गवत उगवतं आणि ती ‘जुनी जमीन’ होते.

सोबत जोडायची कागदपत्रं: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गावनकाशाचा उतारा, सीआरझेड नकाशाचा भाग, तारखांसह उपग्रह-प्रतिमा (आधीची आणि आताची), छापील फोटो, व्हिडिओंचा पेन ड्राइव्ह, आधीच्या फोन तक्रारींचे क्रमांक, निकालाच्या संबंधित पानांची प्रत.

अर्ज हाताने आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ असं म्हटलं तर ठेवून न जाता स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत ‘आपले सरकार’ तक्रार निवारण पोर्टलवर नोंद आणि सर्व कार्यालयांना एकाच ईमेलमध्ये प्रत. कोणाकोणाला गेलं हे प्रत्येकाला दिसलं पाहिजे. सोसायटी, मच्छीमार संस्था किंवा कोळीवाड्याच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर एकट्या माणसावर दबाव येत नाही.

समाजमाध्यमांवर बिल्डरचं किंवा स्थानिक नेत्याचं नाव टाकायची घाई नको. पुराव्याआधी नाव गेलं की लढाई अब्रुनुकसानीकडे वळते आणि खारफुटी राहते बाजूला.

## ८. पंचनाम्याच्या दिवशी

ओहोटीच्या वेळी पाहणी ठेवायची विनंती करा. भरतीला गाडलेली मुळं पाण्याखाली असतात. पंचनाम्यात या गोष्टी आल्यात का ते सही करण्यापूर्वी वाचा: लांबी-रुंदी-उंची, मालाचा प्रकार, चतुःसीमा, बाधित झाडांची जात (तिवर, चिपी, कांदळ) आणि अंदाजे संख्या, बुजलेल्या मोऱ्या. ‘अज्ञात इसमांनी’ एवढंच लिहिलं असेल तर वाहन क्रमांकांची नोंद घ्यायला सांगा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर पंच म्हणून सही करू नका, कितीही घाई दाखवली तरी. मग प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकार आहेच.

## ९. तीस दिवस उलटले तर: माहिती अधिकार

राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ ही माहिती नाही, असं उत्तर येतं. कागद मागा: अर्जावरील टिपणीच्या पानांची प्रत, पंचनाम्याची प्रत, वनगुन्ह्याचा क्रमांक, जप्त वाहनांची यादी, जमीन वनविभागाकडे हस्तांतरित झाल्याचा ताबा-पावतीचा कागद. शेवटचा कागद टोलवाटोलवी एका फटक्यात संपवतो.

उत्तर ३० दिवसांत न आल्यास पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

## १०. त्यापुढे

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. म्हणून पहिल्या तक्रारीत ‘गेली अनेक वर्षे’ असं सैल लिहू नका, समोरचा वकील तेच वाक्य मुदतीसाठी वापरतो. प्रत्येक नव्या भरावाची तारीख स्वतंत्र नोंदवा. जुन्या भरावाची भरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी याच कायद्याचं कलम १५ आहे, त्याला पाच वर्षांची मुदत. २०१८ चा निकाल पाळला नाही म्हणून अवमान याचिकेचा मार्ग उच्च न्यायालयात आहे, मुदत एक वर्ष. तिथे मात्र वकिलाशिवाय जाऊ नका.

## ११. राडारोडा हटवताना लक्ष ठेवा

इथे नुकसान दुप्पट होऊ शकतं. जेसीबी खारफुटीच्या बाजूने आत घातला तर उरलेली झाडंही जातात. यंत्र भरावावर उभं राहून मागे सरकत काढत आलं पाहिजे. मूळ चिखलाच्या पातळीपर्यंत काढायचं, त्याखाली खणायचं नाही. मोरी आधी मोकळी करा. भरती-ओहोटी पूर्ववत झाली आणि शेजारी जिवंत झाडं असली, तर बिया पाण्याबरोबर येतात आणि रोपं आपली आपण उभी राहतात. पाणी न सोडता फोटोपुरती केलेली लागवड मरते. उचललेला माल कुठे नेला त्याची वजनपावती मागा, नाहीतर तोच पुढच्या खाडीत पडलेला दिसेल.

## १२. आणि तुमच्या घरातला राडारोडा?

खाडीत पडणाऱ्या मालात फ्लॅटच्या दुरुस्तीतल्या टाइल्स आणि बाथरूमची भांडी नेहमी दिसतात. ठेकेदार ‘गोणीमागे इतके द्या, उचलून नेतो’ म्हणतो तेव्हा कुठे नेतोस हे विचारा. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रीज ऑन कॉल’ सेवा आहे. माल दहिसर आणि शिळफाटा इथल्या प्रक्रिया प्रकल्पांत जातो. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसात दर आणि जागा विचारा. सोसायटीने दुरुस्तीची परवानगी देतानाच अनामत रक्कम घ्यावी आणि प्रकल्पाची पावती दाखवल्यावरच ती परत करावी. मोठ्या पुनर्विकासात विकासकाकडून मंजूर राडारोडा व्यवस्थापन आराखड्याची प्रत आणि दर महिन्याच्या वजनपावत्या मागायचा ठराव करून ठेवा.